पाठकोऱ्या कागदावरचा गुलाल

मित्रांनो, प्रिंटर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे रंगीत चित्रं काढणारं, मोबाइलशी परस्पर बोलणारं एखादं चकचकीत यंत्र येत असेल. मी तसला नव्हे. मी जुना आहे आणि मला काळं-पांढरं एवढंच कळतं. कोल्हापुरात शाहूपुरीच्या एका गल्लीत गुळाच्या अडत दुकानावर, पहिल्या मजल्याला, आकाराम चौगुले यांची करसल्लागाराची कचेरी आहे. तिथे खिडकीजवळच्या टेबलावर मी गेली चौदा वर्षं बसून आहे. बसून आहे असं आपलं म्हणायचं. त्यातली पहिली दहा वर्षं मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

माझ्या जन्माची कथा छोटी आहे. परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर मी तयार झालो. एकीने रूळ बसवले, दुसऱ्याने तारा जोडल्या, तिसऱ्याने झाकण लावून पाठीवर एक चापट मारली आणि मला खोक्यात घातलं. थर्माकोलच्या दोन तुकड्यांमध्ये दबून मी समुद्र ओलांडला, पण पाणी काही पाहिलं नाही. डोळे उघडले ते एकदम कोल्हापुरात. चौगुलेसाहेबांनी तेव्हा नोकरी सोडून नुकतीच कचेरी थाटली होती. त्यांनी मला हप्त्याने घेतलं आणि रिक्षातून मांडीवर बसवून आणलं. माझ्याकडून पहिला कागद काढला तो त्यांच्या स्वतःच्या नावाचा. तो त्यांनी दारावर चिकटवला, जिना उतरून खाली गेले आणि परत वर येऊन, जणू परकं माणूस असल्यासारखा, वाचून पाहिला.

मग माझे भरभराटीचे दिवस आले. जुलै महिना लागला की आमच्या जिन्यावर चपलांचा ढीग पडायचा. इचलकरंजीचे मागवाले यायचे, त्यांच्या सदऱ्याला सुताचे तंतू चिकटलेले असायचे. खालचे गूळवाले यायचे, निवृत्त मास्तर यायचे. प्रत्येकाच्या वर्षभराच्या कमाईचं विवरणपत्र माझ्या तोंडातून बाहेर पडायचं. एका दिवसात चारशे कागद मी काढले आहेत. माझ्यात खोट काढण्यासारखा एक दोष होता, तो म्हणजे मध्येच कागद अडकायचा. साहेब झाकण उघडून तो हलक्या हाताने ओढायचे आणि म्हणायचे, "दमलंय बिचारं." खंडेनवमीला माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडायची. साहेबांची मदतनीस निशिगंधा माझ्या कपाळाला कुंकू लावायची. ही निशिगंधा मोठी गुणाची पोर. हात चलाख, बोलणं गोड. एका वेळी तीन कामं अंगावर घ्यायची सवय सोडली तर तिच्यात नाव ठेवायला जागा नाही.

आमच्या कचेरीची एक शिस्त तुम्हाला सांगितली पाहिजे. एका अंगाने छापलेला आणि नको झालेला कागद इथे फेकत नाहीत. त्याची कोरी बाजू वापरतात. कच्चा मसुदा असो, गिऱ्हाइकाने घरी न्यायची प्रत असो, सगळं पाठकोऱ्या कागदावर. अशा कागदांचा गठ्ठा माझ्या शेजारीच असतो आणि लागतील तसे ते माझ्या खणात भरतात. त्यांच्या मागच्या बाजूला काय आहे हे मात्र कुणी म्हणजे कुणी वाचत नाही. वाचतो तो मी एकटा, कारण कागद माझ्या पोटातून जाताना दोन्ही अंगांनी घासून जातो.

पुढे दिवस पालटले. सगळं संगणकावर भरायचं आणि मोबाइलवर पाठवायचं सुरू झालं. "छापू नका, नुसतं पाठवा" असं लोक म्हणू लागले. माझ्यावर प्लॅस्टिकचं आवरण चढलं आणि त्या आवरणावर चहाचे कप. आठ आठ दिवस मला कुणी हाक मारीना. आता माझ्याकडे येतात ती माणसं वेगळी. पडद्यावरचं ज्यांना वाचता येत नाही, किंवा वाचता आलं तरी पटत नाही, हातात कागद आला तरच ज्यांना ते खरं वाटतं, अशी माणसं. खरं सांगू का, मला तीच जास्त आवडतात.

गेल्या जूनमध्ये अशीच एक म्हातारी आमचा जिना चढून आली. तिचं नाव धोंडुबाई. जोतिबाच्या डोंगरावर, देवळाकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर तिचं गुलाल-खोबऱ्याचं लहानसं दुकान. वय सहासष्ट. नेसूचं लुगडं स्वच्छ धुतलेलं, तरी काठात गुलाबी धूळ होतीच. डोंगरावरच्या माणसाच्या कपड्यांतून गुलाल कधी पुरता जात नाही. तिने पिशवीतून मोबाइल काढून साहेबांपुढे ठेवला. नातवाने फोनवर सांगितलं होतं की सरकारने काहीतरी विचारलं आहे, एखाद्या जाणत्या माणसाला दाखव.

साहेबांनी वाचलं आणि मला कामाला लावलं. ती नोटीस मीच छापली, मित्रांनो. धोंडुबाईच्या खात्यात वर्षभरात मोबाइलवरून एकतीस लाख रुपये जमा झाले होते. एवढी उलाढाल असून विवरणपत्र का भरलं नाही, याचा पंधरा दिवसांत खुलासा करा, असं नोटिशीत होतं.

म्हातारीला आधी हसू आलं. "एकतीस लाख असतं तर मी गुलालाच्या पुड्या बांधत बसलो असतो व्हय, सायेब?" ती म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते ऐकताना साहेब हातातला चहा प्यायचे विसरले. त्या पायऱ्यांवर एका ओळीत नऊ बायकांची दुकानं. यात्रेकरू आता सुटे पैसे आणत नाहीत. पन्नास रुपयांचं खोबरं घेतलं तरी मोबाइल पुढे करतात. चार वर्षांपूर्वी बँकेचा माणूस क्यूआर कोडचा फलक द्यायला डोंगरावर आला, तेव्हा खात्याला जोडलेला चालू मोबाइल एकट्या धोंडुबाईकडे होता. फलक तिच्या दुकानावर लागला आणि त्या दिवसापासून नऊही जणींचं गिऱ्हाईक त्याच एका फलकावर पैसे टाकू लागलं.

आणि वाटणी? तिची रीत तर और होती. धोंडुबाईच्या फळीवर नऊ पितळी वाट्या मांडलेल्या असत. ज्या बाईच्या मालाचे पैसे आले, तिच्या वाटीत पन्नास रुपयांना एक असा चिंचोका पडायचा. दिवेलागणीला प्रत्येकीने आपले चिंचोके मोजायचे आणि तेवढ्या नोटा धोंडुबाईकडून घ्यायच्या. चिंचोके पुन्हा पिशवीत. रविवारची गर्दी सरली की सोमवारी ती खाली येऊन बँकेतून नोटा काढून न्यायची. चार वर्षांत एका चिंचोक्यावरून कधी तंटा झाला नव्हता. पण कागद एकही नव्हता. रोज संध्याकाळी हिशेब चोख व्हायचा आणि रोज संध्याकाळीच तो पुसला जायचा.

साहेबांनी कागदावर भराभर आकडे मांडले. मोबाइलवर आलेल्या पैशात शंभराला सहा रुपये नफा धरायची सोय कायद्यात आहे, म्हणाले. म्हणजे एक लाख शहाऐंशी हजार. त्यावर कर एक पैसासुद्धा बसत नाही. असं म्हणून ते मोकळं हसले, पण म्हातारी हसली नाही.

तिने विचारलं, "एवढी कमाई माझ्या एकटीच्या नावावर लागली, तर घरकुलाचं काय हुतंय?"

तेव्हा कळलं की तिचा जीव कशात अडकला आहे. सरकारी घरकुलासाठी तिने बारा वर्षांपूर्वी अर्ज केला होता. दगड रचून वर पत्रा टाकलेल्या खोलीत ती राहत होती. डोंगरावरचा वारा तुम्हाला ठाऊक नसेल. पावसाळ्यात दोनदा तो पत्रा उडाला होता आणि तो धरून ठेवणाऱ्या धोंडुबाईचं मनगटही एकदा मोडलं होतं. यंदा कुठे यादीत तिचा नंबर लागला होता. गावाला यंदा चार घरं मिळणार होती आणि चौथं नाव तिचं होतं. पाचवं, तिच्या खालचं, तिच्या शेजारच्या दुकानातल्या बनाबाईचं.

साहेबांनी घरकुलाचा नियम पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. महिन्याच्या कमाईची जी मर्यादा होती, तिच्या पाचशे रुपये वर धोंडुबाई जात होती. घर राखायचं तर एकच मार्ग होता. उरलेल्या आठ जणींनी लिहून द्यायचं की या पैशांतला आमचा वाटा आम्हाला मिळाला. तसे आठ कागद त्यांनी निशिगंधाकडून तयार करून घेतले. मी ते छापले, अगदी कोऱ्या करकरीत कागदावर. खाली नाव आणि सहीसाठी जागा.

"सह्या घेऊन या मावशी, पुढचं माझ्याकडं लागलं," साहेब म्हणाले. पुढचं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. जाणत्या माणसाला फार विचारू नये, अशी तिची समजूत असावी.

पण मला ते पुढचं ठाऊक होतं, मित्रांनो. चौदा वर्षं मी दुसरं केलंय काय? एकतीस लाखांवरचा नफा नऊ जणींत वाटला की एकेकीच्या नावावर किती कमाई लागणार, हे माझ्यासारख्या यंत्रालासुद्धा कळत होतं. महिन्याला दोन हजारसुद्धा नाही. कुणालाही कर बसणार नव्हता, कुणाचंही घर जाणार नव्हतं. हे एका ओळीत छापता आलं असतं. मात्र मला कुणी सांगितल्याशिवाय एक अक्षर छापता येत नाही.

अकराव्या दिवशी धोंडुबाई परत आली. साहेब आतल्या खोलीत फोनवर होते. ती माझ्या शेजारच्या बाकावर बसली. पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. निशिगंधा समोर काहीतरी टंकत होती. म्हातारीने थोडा वेळ वाट पाहिली आणि हळूच विचारलं, "पोरी, त्या कागदावर सही केली की बायकांची नावं कुठं जात्यात गं?"

"वर जातात आजी, सरकारकडं," निशिगंधा म्हणाली. "मग त्यांनाबी विचारत्यात, तुमची कमाई किती म्हणून."

यात खोटं काही नव्हतं. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, मी शपथेवर सांगतो. "पण घाबरायचं काही नाही" असं ते वाक्य होतं. तेवढ्यात इचलकरंजीचे एक मागवाले बिलांची थैली घेऊन दारात उभे राहिले आणि निशिगंधा त्यांना आतल्या खोलीत सोडायला उठली. ते वाक्य तिच्याबरोबर आत गेलं आणि दुसऱ्या कामात विरून गेलं.

धोंडुबाई एकटी राहिली. तिने पिशवीतून कागद काढले, आणि मला दिसलं. आठही कागदांवर सह्या होत्या. दोन वेड्यावाकड्या अक्षरांत, बाकी सहा निळे अंगठे. कडेला गुलाबी बोटांचे ठसे. दुकानात बसल्या बसल्या, गिऱ्हाईक थांबवून त्या बायकांनी अंगठे उठवले असणार. सगळ्यांत वर बनाबाईचा होता. त्या अंगठ्यावर म्हातारीने आपलं बोट ठेवलं. तिच्या डोक्यात काय चाललं होतं, ते मला कळत होतं. आपलं नाव वर गेलं आणि आपल्या घरावर आलं. आता ही आठ नावं वर गेली तर? बनीचा नंबर तर उंबऱ्याशी आलेला. कुणाची विधवेची पेन्शन, कुणाचं धान्य.

मग ती उठली. मागच्या खेपेला निशिगंधा माझ्या खणात कागद भरताना तिने नीट पाहिलं होतं, मागची बाजू कुणी बघत नाही हेही. तिने ते आठ कागद पालथे केले, माझा खण उघडला, त्यातल्या पाठकोऱ्या कागदांवर ते अलगद ठेवले आणि खण लावला. गठ्ठा सारखा करावा तसा माझ्यावरून एकदा हातही फिरवला. त्या हाताला गुलाल-खोबऱ्याचा वास होता.

साहेब बाहेर आले आणि त्यांनी सह्यांचं विचारलं.

"न्हाई दिल्या तेंनी," धोंडुबाई म्हणाली.

साहेबांना राग आला. चार वर्षं एकीच्या जिवावर धंदा केला आणि वेळ आल्यावर हात वर केले, असं ते त्या बायकांना बोलले. आणखीही बरंच बोलले. म्हातारी मान खाली घालून ऐकत राहिली. ज्यांनी एका शब्दावर अंगठे दिले त्यांना चोर म्हटलेलं ऐकणं तिला किती जड गेलं असेल, हे तिच्या बोटांवरून दिसत होतं. ती पिशवीचा बंद पिळत होती.

शेवटी ती एवढंच म्हणाली, "तेंचंबी बरोबरच हाय की, सायेब. तुमी माझ्या नावावर भरा सगळं."

"घर जाईल, मावशी."

"जाऊ दे."

निशिगंधाने विवरणपत्र भरलं आणि म्हातारीला घरी नेण्यासाठी कच्ची प्रत काढायची कळ दाबली. आठ पानं होती. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी इतका कासावीस कधी झालो नाही. नको त्या वेळी माझ्यात हजारदा कागद अडकलाय. मास्तरांच्या घाईत अडकलाय, शेवटच्या तारखेला अडकलाय. म्हटलं, आज अडकू दे. झाकण उघडावं लागेल, कुणीतरी कागद ओढून काढील, उलटा करील, अंगठा पाहील. मी रूळ आवळून पाहिले. पण अडकणं माझ्या हातात कधीच नव्हतं. आठच्या आठ पानं लोण्यासारखी सरकून बाहेर पडली. एका अंगाला आठ जणींच्या सह्या आणि दुसऱ्या अंगाला धोंडुबाईची एकटीची कमाई, एक लाख शहाऐंशी हजार. शेवटी देय कर: शून्य.

निशिगंधाने त्यांना टाचणी मारली आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिले. मागची बाजू पाहिली नाही, कारण ती पाहायची पद्धतच नव्हती. खरं विवरणपत्र साहेबांनी संगणकावरून पाठवून दिलं. काम फत्ते झालं म्हणून त्यांनी म्हातारीकडून फीसुद्धा घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी माझं झाकण उघडून निशिगंधा म्हणाली, "हे गुलाबी कुठनं आलं बाई आत?" आणि ओल्या फडक्याने तिने माझा रूळ पुसून घेतला.

पाऊस सरला, दसरा झाला, दिवाळी झाली. मी प्लॅस्टिकखाली पडून होतो. एके दिवशी दुपारी जिन्यावर दणादण पावलं वाजली आणि पन्नाशीची एक बाई आत आली. तिने कुणाला बसू का म्हणून विचारलं नाही.

"मी बनाबाई. जोतिबासनं आलोय," ती म्हणाली. "आमच्या आठ जणींच्या सह्या कमी पडल्या काय वो?"

साहेबांना काही उमगेना. तुम्ही सह्या दिल्याच नाहीत, असं ते म्हणाले तशी बनाबाई उसळली. कुणी दिल्या नाहीत? धोंडामावशी म्हणाली अंगठा लाव, लावला. काय-कशाला कुणी विचारलं नाही. आठही जणींनी एका बैठकीत लावले. डोंगरावर परत येऊन मावशीने सांगितलं की सरकारने ते कागद मानले नाहीत. बायकांनी ते खरं धरलं. मग घरकुलाच्या तपासणीला ग्रामसेवक आले. विवरणपत्र भरता का म्हणून त्यांनी विचारलं, तर मावशीने कचेरीतून मिळालेली प्रत सरळ त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती फाइलला लावली आणि यादीतलं चौथं नाव खोडलं.

"आता त्ये घर मला आलंय," बनाबाई म्हणाली. पाया काढताना नारळ फोडायलासुद्धा धोंडुबाईच आली होती, असं तिने सांगितलं. बनाबाई दोनदा ग्रामसेवकांकडे जाऊन आली होती, मला नको, मावशीला द्या म्हणून. तिने सोडलं तर ते खालच्या सहाव्या नावाला जाईल, वर जाणार नाही, असं उत्तर मिळालं. एकदा खोडलेलं नाव पुन्हा पुढच्या यादीतच येतं. पुढची यादी कधी लागेल ते कुणाला माहीत नाही.

निशिगंधा उठून उभी राहिली होती. तिने माझं झाकण उघडलं. रुळाच्या कडेला, फडकं पोचत नाही तिथे, गुलाबी रेघ अजून होती. तिने ती बोटाने पुसली, बोटाकडे पाहिलं. म्हातारीने आपल्याला काय विचारलं होतं आणि आपण काय सांगून उठलो, हे तिला आठवलं. तिने ते साहेबांना तिथेच, बनाबाईच्या देखत सांगितलं. काही लपवलं नाही.

गुलाल माझ्या आत आला तो सह्यांच्या कागदांबरोबरच, आणि त्या दिवशी माझ्यातून निघाली ती म्हातारीची आठ पानांची प्रत. म्हणजे त्या आठ सह्या कुठे आहेत, ते सगळ्यांनाच कळलं. ज्या फाइलीने धोंडुबाईचं घर घालवलं त्याच फाइलीत, त्याच कागदांच्या पाठीवर.

 मग साहेबांनी बनाबाईला जे पाच महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं ते सांगितलं. नावं वर गेली असती तरी कुणाचं काही जाणार नव्हतं. एकेकीच्या वाट्याला महिन्याला दोन हजारसुद्धा कमाई लागत नव्हती. यादीतला तुमचा नंबर राहिला असता, तिचं घरही राहिलं असतं, कुणाची पेन्शनही बंद झाली नसती.

बनाबाईने साहेबांकडे पाहिलं, मग निशिगंधाकडे.

"मग ह्ये तिला सांगायचं कुणी हुतं?" तिने विचारलं.

  मलाही तो प्रश्न लागला. माझ्याजवळ उत्तर होतं आणि तोंडही होतं, पण ते तोंड माझं नव्हतं.

विवरणपत्र वर्षअखेरपर्यंत दुरुस्त करता येतं, असं साहेब म्हणाले. त्यांनी फीचा विषय काढला नाही. निशिगंधाने माझ्या खणातले पाठकोरे कागद काढून टाकले, कोरे भरले आणि ते आठ कागद पुन्हा छापले. मग बनाबाईला खुर्चीवर बसवून तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचून, समजावून सांगितलं. सही कशाची, नाव कुठे जातं, नंतर काय होतं, काय होत नाही. फोन दोनदा वाजला, तिने उचलला नाही. जेमतेम वीस मिनिटं लागली. जूनमध्ये ती वीस मिनिटं कुणाजवळ नव्हती. बनाबाई कागद घेऊन जिना उतरली. त्या कागदांनी धोंडुबाईचं विवरणपत्र दुरुस्त होईल. घर दुरुस्त होणार नाही. येत्या पावसाळ्यात तिच्या डोक्यावर तोच पत्रा असेल आणि तिचं वय सदुसष्ट असेल.

मित्रांनो, माझं आता फार राहिलेलं नाही. रूळ गुळगुळीत झालेत, अक्षरं फिकी येतात, कधीतरी भंगारवाला माझंही वजन करील. माझ्यावर चहाचे कप ठेवलेत तर ठेवा, धूळ पुसली नाहीत तरी मी रागावणार नाही. तुम्ही उद्या मोठे व्हाल, कुठल्यातरी टेबलामागे बसाल, आणि एखादी म्हातारी पिशवी मांडीवर घट्ट धरून तुम्हाला काहीतरी विचारील. तिचा प्रश्न छोटा असेल. दारात दुसरं कुणीतरी उभं असेल, फोन वाजत असेल. वाजू द्या. तिला अर्धं सांगून उठू नका.